डालग्याखालचे दोन दिवस

माघ संपत आला की महाडात आमच्या घरामागच्या परसात कुणाची तरी कोंबडी खुडूक होते. अंडी घालायचं थांबवून तिला नुसतं अंड्यांवर बसून राहायचं असतं. कुणी जवळ गेलं की ती पिसं फुलवते आणि घशातून एक जाड, हट्टी आवाज काढते. यंदा तो आवाज मी एका शनिवारी सकाळी ऐकला. शाळेची पिशवी खांद्याला अडकवून मी मागच्या दारी चपला घालत होते. एक चप्पल पायात आणि एक हातात, अशी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. शाळेला उशीर झाला. मुख्याध्यापकांना मी गाडी चुकल्याचं सांगितलं. माझं घर शाळेपासून चालत सात मिनिटांवर आहे हे त्यांना ठाऊक आहे.

हा महिना मला पूर्वी फार आवडायचा. पहाटे गोधडी लागते आणि दुपारी पंखा. आंब्याचा मोहोर नाकात बसतो. खोऱ्यात शेतकरी राब भाजायला लागतात, म्हणजे पुढच्या लावणीच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. त्याचा धूर डोंगराच्या कुशीत दिवसभर निळा पडून असतो. आता धुराचा वास आला की मी खिडकी लावून घेते.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. शिवथरच्या खोऱ्यात एका वाडीत आमचं माहेरचं घर आहे, तिथं ती एकटी राहायची. लग्न होऊन ती पोलादपूरकडच्या एका गावी गेली होती आणि दीड वर्षात परत आली. का, ते घरात कधी बोललं गेलं नाही. मी तेव्हा लहान. मला एवढंच आठवतं, की तिची ट्रंक बरेच दिवस ओटीवरच पडून होती. ती आत न्यायला कुणी हात लावेना, तीही नाही. मग एक दिवस आईनं दोन कोंबड्या तिच्या ओंजळीत ठेवल्या आणि म्हणाली, ह्या तुझ्या. त्या संध्याकाळी आक्कानं ट्रंक आत ओढली.

आई गेली, वडील गेले. आमच्या दोघींमधला भाऊ, दादा, नोकरीच्या निमित्तानं विरारला स्थायिक झाला. मी शिकले, शिक्षिका झाले, महाडातच संसार मांडला. आक्का तिथंच राहिली. भातशेती दुसऱ्याला कसायला दिलेली, घरामागचा वाल-पावटा ती स्वतः करायची, आणि कोंबड्या. आईनं दिलेल्या त्या दोघींचीच पुढची पिढी, मग तिच्या पुढची. बाहेरचं पाखरू तिनं कधी आणलं नाही. नऊ कोंबड्या, एक कोंबडा, आणि चार-दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या पोरी. ठिपक्यांची ती कवडी, लाल ती तांबडी, आणि मानेवर पिसं नसलेली एक होती तिला ती नुसती 'बाई' म्हणायची.

दादा दर शिमग्याला गावी आला की तिला म्हणायचा, आता पुरे झालं, चल आमच्याकडे, इथं एकटी किती दिवस काढणार. तो मनापासून म्हणायचा. आक्काचं उत्तर ठरलेलं असायचं.

"जाईन रे, पण कोंबड्या कोण कोंडील?"

इथं राहायचं आहे, हे घर माझं आहे, असं म्हणण्याचा अधिकार तिला आयुष्यात कुणी दिलेला नव्हता. पण कोंबड्या संध्याकाळी कोंडाव्या लागतात आणि पहाटे सोडाव्या लागतात हे कुणालाही पटतं. त्या एका वाक्याच्या आडोशानं ती तीस-पस्तीस वर्षं तिथं राहिली. मला हे तेव्हा कळत नव्हतं. कोंबड्या म्हणजे आक्काचा विरंगुळा, एवढंच मला वाटायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या थंडीत तिच्या खुराड्याची फळी कुजली आणि मुंगूस आत शिरलं. दोन रात्रींत चार कोंबड्या गेल्या. फोनवर ती हसत सांगत होती. म्हणाली, अशाच संपल्या तर दादाला काय सांगू गो मी. हसतच म्हणाली, म्हणून मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मनात आलं की आपण तिला पिल्लं नेऊन द्यावीत. बाजारात सुधारित जातीची एका दिवसाची पिल्लं मिळत होती. गावठीपेक्षा लवकर वाढतात, अंडी जास्त देतात, असं सगळे सांगत होते. पण एवढी लहान पिल्लं आईशिवाय थंडीत जगत नाहीत. त्यांना महिनाभर ऊब द्यावी लागते. ते मी करीन असं ठरवलं.

वीस पिल्लं आणली. ह्यांचं विजेच्या सामानाचं लहानसं दुकान आहे. ह्यांनी टीव्हीच्या मोठ्या खोक्यात शंभरचा बल्ब टांगून दिला आणि दोरी वरखाली करायची सोय केली. तळाला भाताचं तूस, त्यावर वर्तमानपत्र. पहिल्या दिवशी गुळाचं पाणी, नंतर भरडलेला मका आणि कणी. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून बसली की समजायचं, थंडी वाजते, दिवा खाली घ्या. भिंतीला चिकटून चोच उघडून धापा टाकायला लागली की दिवा वर घ्या. सगळीकडे सारखी पसरून दाणे टिपत असली की ठीक. मधल्या सुट्टीत मी शाळेतून धावत घरी यायची. वीज गेलेली असली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवायची. पहिल्या दोन दिवसांत दोन गेली, अठरा राहिली.

माझी दोन्ही मुलं शिकायला बाहेर गेल्यापासून घरात असा आवाज नव्हता. संध्याकाळी स्वयंपाक करताना त्या खोक्यातून एक मंद चिवचिव सतत येत राही आणि दाराच्या फटीतून पिवळा उजेड पडलेला असे. हे दुकानातून आले की आधी खोक्याशी वाकायचे. पिल्लांना पंखांची खरी पिसं फुटायला लागली, ती एकमेकांना उगाच छातीनं ढकलायला लागली, तेव्हा आम्ही दोघं खुर्च्या ओढून बघत बसायचो. त्या पाच आठवड्यांत मी फार सुखी होते. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

सातव्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांकडून लस आणून मी प्रत्येकाच्या डोळ्यात थेंब घातला. ही लस मानमोडीवरची. ह्या रोगात कोंबडी मान वळवून वळवून मरते आणि एकीला झाला की परसात कुणी उरत नाही. महिन्याच्या आत दुसरा डोस द्यायचा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी कॅलेंडरवर लिहूनही ठेवलं होतं. पण ते दिवस शिष्यवृत्ती परीक्षेचे होते. माझ्या वर्गातली सात मुलं बसली होती आणि शाळा सुटल्यावर मी त्यांचे जादा तास घेत होते. ह्या सोमवारी नाही तर पुढच्या सोमवारी, असं करता करता शिमगा आला.

निघायच्या दिवशी सकाळी पिल्लं खोक्यांत भरताना एक पिल्लू मला कोपऱ्यात बसलेलं दिसलं. करड्या रंगाचं होतं. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले, खाली हिरवट विष्ठा. मी त्याला उचललं, तर ते हातात हललं. मी ते खोक्यात ठेवलं. ह्यांनी विचारलं, सगळी ठीक आहेत ना? मी म्हटलं, हो.

शिवथरच्या गाडीत मी दोन्ही खोकी पायांशी घेऊन बसले होते. बिरवाडी मागे पडल्यावर सावरीची लाल फुलं दिसायला लागली. आजूबाजूचे लोक भोकांतून आत डोकावत होते, कौतुक करत होते. कंडक्टरनं गमतीनं अठरा तिकिटं फाडू का म्हणून विचारलं. मी मनात आक्काचा चेहरा बघत होते.

आक्कानं अंगणात खोकी उघडली. मग एकेक पिल्लू बाहेर काढून तिनं पंखाखाली पाहिलं, पायांवरून बोट फिरवलं. मी सांगत होते, दिवा असा लावला, पाणी असं दिलं. तिनं कुंपणापाशी जाऊन शेजारच्या वहिनींना हाक मारली. "बघायला ये गो. माझ्या बहिणीनं आणल्यान. स्वतः वाढवल्यान." वहिनी बघून गेल्या तरी ती तेच पुन्हा पुन्हा मलाच सांगत होती.

नवी पिल्लं जुन्यांत एकदम सोडत नाहीत. आक्काची एक रीत होती. डालगं, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची मोठी टोपली, अंगणात पालथी घालायची आणि पिल्लं तिच्याखाली ठेवायची. जुन्या कोंबड्या भोवती फिरतात, फटींतून बघतात, चोची मारून पाहतात. पिल्लांना त्या दिसतात आणि इजा होत नाही. असे आठ-दहा दिवस गेले की एका संध्याकाळी, जुन्या कोंबड्या दांडीवर चढून डोळे मिटायला लागल्या की पिल्लं हळूच आत सरकवायची. सकाळी सगळ्यांना एकच वास लागलेला असतो, मग भांडण कमी होतं. आक्कानं दोन डालगी मांडली, नऊ-नऊ पिल्लं ठेवली आणि म्हणाली, हीही आठ दिवस राहतील.

माझी सुट्टी चारच दिवसांची होती. होळी झाली, धुळवड झाली. दादा आला होता. त्यानं ह्याही वर्षी विचारलं आणि आक्का म्हणाली, "आता तर आनखी अठरा आल्यात." तिघंही हसलो. तिसऱ्या दिवशी दुपारपासून मी तिच्या मागे लागले, की आजच सोडू या. मला बघून जायचं आहे. पाच आठवडे केलं मी, आणि नेमकं हेच बघायला मिळणार नाही का? आक्का म्हणाली की घाई नको, दोनच दिवस झालेत. मी रुसल्यासारखं केलं. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, पण तिच्यासमोर मला रुसता येत असे. ती थोडा वेळ डालग्यापाशी बसून राहिली. मग उठून म्हणाली, बरं.

दिवेलागणीला आम्ही दोघींनी पिल्लं एकेक करून खुराड्यात सोडली. ते करडं पिल्लू शेवटी माझ्या हातात आलं. ते हलकं लागत होतं आणि मान सावरत नव्हतं. मी आक्काकडे पाठ केली आणि ते आत ठेवलं.

सकाळी दार उघडल्यावर कवडीनं दोघा-तिघांच्या डोक्यात चोची मारल्या, एकाचं रक्त काढलं. आक्कानं त्यावर हळद दाबली. थोड्या वेळानं सगळी एकाच उकिरड्यावर उकरायला लागली. मी मोबाइलवर चित्रण केलं आणि दुपारच्या गाडीनं परत आले. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पाचव्या दिवशी आक्काचा फोन आला. म्हणाली, तांबडी आज दांडीवरून उतरली नाय. पुढल्या दिवशी सांगितलं की तांबडी गेली आणि नवीन पिल्लांतली तीन गेली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मी डॉक्टरांना फोन केला. ते स्वतः वाडीवर जाऊन आले आणि मला म्हणाले, आता उपाय नाही, जी चांगली दिसतात त्यांना लस दिली आहे, पण उशीर झालाय. मग रोज एक फोन. मी वर्गात असले तर ती ह्यांना निरोप सांगायची, आणि हे संध्याकाळी मला सांगताना माझ्याकडे बघत नसत.

रविवारी मी गेले. अंगणात एकही पाखरू नव्हतं. मोहोराचा वास होता आणि मागच्या डोंगरावर राब पेटलेले होते. आक्का पायरीवर बसली होती. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली कवडी तिच्या मांडीवर होती. कवडीची मान उलटी पाठीकडे वळलेली. आक्का चमच्यानं तिच्या चोचीत पाणी सोडत होती आणि ते बाजूनं ओघळत होतं.

"हीच उरली," ती म्हणाली.

फणसाखाली खड्डा खणायचा होता. तिच्यानं कुदळ उचलवत नव्हती, म्हणून मी खणला. कवडी दुपारपर्यंत होती. आम्ही वरून राख आणि चुना टाकला. तिनं मला जेवायला वाढलं, वालाची उसळ केली होती. मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. घास घेताना दोनदा तोंडापर्यंत आलं. तिनं विचारलं, मीठ कमी हाय का? मी नाही म्हटलं आणि जेवत राहिले.

रोग तिच्या परसात थांबला नाही. शेजारच्या वहिनींची खुराडी रिकामी झाली, मग वरच्या आळीतली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त सकाळी चहा प्यायला, दुपारी पावटे सोलायला ज्या बायका आक्काच्या ओटीवर यायच्या त्या यायच्या थांबल्या. तिनं ते मला सांगितलं नाही. मला ते वहिनींकडून कळलं. एसटी थांब्यावर माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "शहरातना आनलेली पाखरां. आमी काय बोलायचा?"

वैशाखात दादा सुट्टीला आला. जेवण झाल्यावर नेहमीचंच बोलला, सवयीनं बोलला. मी तिथं होते. आक्कानं अंगणाकडे पाहिलं. खुराड्याचं दार उघडं पडलं होतं. ती उत्तरासाठी शब्द शोधते आहे असं मला वाटलं. खरं म्हणजे ती शोधत नव्हती. तिच्याकडे एकच वाक्य होतं आणि ते आता नव्हतं.

"चल," ती म्हणाली.

आपण चुकीचं ऐकलं असं वाटून दादानं पुन्हा विचारलं. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आक्का एकदाची तयार झाली म्हणून. मी तेव्हाही गप्प राहिले. चार दिवसांनी घराला कुलूप लागलं. एक किल्ली दादाकडे, एक माझ्याकडे. माझी किल्ली कपाटात आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर एकदाच मी जाऊन आले. पडवी एका बाजूनं बसली होती, आणि अंगणात गुडघाभर गवत होतं. आत न जाताच परतले.

विरारला दादाचं घर चौथ्या मजल्यावर आहे. माझी वहिनी, दादाची बायको, चांगली आहे, आक्काला वेळेवर गोळ्या देते, तिला कधी उणं बोलत नाही. पण आक्का तिथं वाळत गेली. चालणं कमी झालं, मग बोलणं. फोनवर मी काहीही विचारलं तरी ती बरं हाय म्हणते. मी शाळेतलं सांगते, ह्यांच्या दुकानातलं सांगते. कोंबड्यांचा विषय आम्ही दोघीही काढत नाही.

गेल्या दिवाळीत मी ठरवून गेले. दादा आणि वहिनी बाजारात गेले होते. आक्का खिडकीपाशी लसूण सोलत बसली होती. मी समोर बसले आणि सांगितलं. दुसरी लस राहिली होती. निघतानाच एक पिल्लू आजारी दिसत होतं. मी ते बघूनही आणलं आणि तुझ्याकडे पाठ करून आत सोडलं. एका दमात सांगितलं, आणि मग ती काय म्हणते ह्याची वाट बघत राहिले. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं माफ केलं असतं तर मी रडले असते, आणि बहुतेक त्यासाठीच गेले होते.

"करडं ना," ती म्हणाली. "बघितलं होतं मी."

मला वाटलं ती दुसऱ्याच कशाबद्दल बोलते आहे. तिनं लसणीची पाकळी ताटलीत टाकली.

"खोक्यातून काढलं तेवाच बघितलं. हातात घेतलं की कळतं. आई असल्यापासून कोंबड्या बघते मी."

मग सोडू का दिलंस, मी विचारलं. माझा आवाज चढला होता. जणू चूक तिची होती.

तिनं पुढची पाकळी सोलायला घेतली. खाली रस्त्यावर मुलं फटाके लावत होती. मग तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "तू येवढ्या हौसेनं आनलीस. माज्यासाठी कुनी कधी काय आनलं नव्हतं गो. तोंड कसं उघडू?"

तेवढ्यात दादा-वहिनी आले. पिशव्या आत गेल्या, चहा झाला, दादानं माझ्या मुलांची चौकशी केली. मी उत्तरं दिली. एका पाखराला वेगळं ठेवा, एवढं म्हणायचं होतं. दोघींनाही ते माहीत होतं. तिनं मला दुखवायचं टाळलं आणि मी माझं कौतुक जपलं, आणि ह्यात तिचं घर गेलं, वाडी गेली. आता हे कुणाला सांगून हलकं होणार नाही. सांगायला होती ती एकच होती आणि तिला आधीपासूनच ठाऊक होतं.

निघताना मी तिच्या बाजेवर टेकले. त्याच खोलीत दादाची मुलगी झोपते, तिची अभ्यासाची पुस्तकं उशाशी होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, झोप लागते का नीट?

"लागते. पाचला जाग येते अजून."

मग काय करतेस, मी विचारलं.

"दिवा लावला तर पोरगी उठते," आक्का म्हणाली. "बसते."